चॅनेलचं नाव नको, व्हिडिओ सांगा: यूट्यूबवर काय बघावं आणि दुसऱ्याला कसं सुचवावं

"त्या चॅनेलवर एक नंबर माहिती असते, बघत जा." एवढ्यानं काम होत नाही. ऐकणारा घरी जाऊन नाव टाकतो, तर त्याच नावाची चार चॅनेलं निघतात. खरं सापडलंच तर त्यावर हजारभर व्हिडिओ, आणि त्यातला कोणता बघायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. दोन मिनिटं खालीवर केल्यावर अंगठा शॉर्ट्सकडे वळतो आणि अर्धा तास तिथंच जातो.

म्हणून नियम एकच, बाकीचा लेख त्याच्या तयारीचा आहे. एका माणसाला, त्याच्या एका गरजेसाठी, एक व्हिडिओ सांगायचा. तो कितव्या मिनिटापासून बघायचा ते सांगायचं. आणि त्यात काय कमी आहे तेही सांगायचं. हे शेवटचं लोक हमखास गाळतात, आणि तेच गाळलं की पुढच्या वेळी आपलं कुणी ऐकत नाही.

आधी फोन ताळ्यावर आणा

आपल्याकडे मराठवाड्यात बऱ्याच घरांत एकाच फोनवर आबांचं कीर्तन, वडिलांचा बाजारभाव आणि लेकराचं कार्टून चालतं. यूट्यूब जे बघितलं त्याच्या हिस्टरीवरून पुढचं सुचवतं, त्यामुळे पहिल्या पानावर या तिन्हींची खिचडी होते. अशा फोनवर चांगलं चॅनेल शोधायला बसलात तर शोधण्याआधीच दमाल.

पहिलं काम हिस्टरीचं. प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवून सेटिंग्जमध्ये जा, हिस्टरी उघडा आणि जुनी पुसून टाका. तिथंच आपोआप पुसण्याची सोय आहे: ३, १८ किंवा ३६ महिन्यांची. एका फोनवर अनेक जण असतील तर ३ महिने ठेवा. प्रत्येकाचं वेगळं गूगल खातं जोडता आलं तर उत्तम, पण खातं बदलायला घरातले कंटाळतात हेही खरं. मग निदान लेकराला कार्टून लावून देताना इन्कॉग्निटो चालू करायची सवय लावा. त्यातलं बघितलेलं हिस्टरीत जात नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनसाठी एक युक्ती आहे. हिस्टरी पुसून कायमची बंद ठेवली की यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ रिकामं होतं. सुचवायला त्याच्याकडे काही उरतच नाही. मग खालच्या पट्टीतलं 'सबस्क्रिप्शन्स' उघडायला शिकवायचं, तिथं आपण निवडून दिलेली चार-पाच चॅनेलंच दिसतात. भडक चेहऱ्याचे आणि लाल बाणांचे फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे येतच नाहीत.

दुसरं, प्रत्येक व्हिडिओशेजारचे तीन ठिपके. त्यात दोन पर्याय एकसारखे वाटतात, पण काम वेगळं आहे. 'रस नाही' म्हटलं की तो एक व्हिडिओ बाजूला होतो आणि त्या जातीचे थोडे कमी येतात. 'हे चॅनेल सुचवू नका' म्हटलं की ते अख्खं चॅनेल सुचवण्यातून जातं. नवशिके पहिलंच दाबत राहतात आणि मग म्हणतात, काही फरक पडत नाही. नकोशा चॅनेलला दुसरंच दाबा. आठवडाभर रोज चार-पाच वेळा हे केलं की पहिल्या पानाचा चेहरा बदलतो.

तिसरं, व्हिडिओच्या वरच्या बाजूला ऑटोप्लेचं बटण असतं, ते बंद करा. नाहीतर भाकरीचा व्हिडिओ संपतो आणि फोन स्वतःहून भलतंच लावून मोकळा होतो.

चौथं, नेटचा हिशोब. ३६०पी दर्जाला तासाला साधारण ३०० ते ४०० एमबी जातात, ७२०पीला १ ते दीड जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ७२०पी लावलं तर तासा-सव्वा तासात संपलं. सेटिंग्जमध्ये व्हिडिओच्या दर्जाची जागा आहे. मोबाइल डेटासाठी तिथं 'डेटा सेव्हर' ठेवा. मात्र हे आंधळेपणाने करू नका. कीर्तन, मुलाखत, व्याख्यान असेल तर १४४पीही चालतं, कारण ऐकायचंच असतं. फळ्यावरचं गणित, औषधाच्या डब्यावरची अक्षरं, कलमाचा डोळा भरायची पद्धत हे १४४पीला दिसत नाही. तेवढ्यापुरतं हाताने ४८०पी करा. शेतात रेंज नसेल तर घरूनच व्हिडिओ डाउनलोड करून न्या. बऱ्याच व्हिडिओंना तशी मुभा असते. असा व्हिडिओ गॅलरीत सापडत नाही, यूट्यूबच्याच अॅपमध्ये डाउनलोड्समध्ये असतो. 'डाउनलोड केला पण गेला कुठं' ही तक्रार त्यातूनच येते.

शोधताना शब्द आपले वापरा

'बेस्ट मराठी चॅनेल' असं टाकलं की ज्यांना आधीच लाखोंनी बघितलंय तेच वर येतात. गरज टाका, आणि आपल्या बोलीत टाका. 'मसाला आमटी' टाकलं तर अख्ख्या महाराष्ट्राच्या आमट्या येतील, 'येसर आमटी' टाकलं तर मराठवाड्याची येईल. लातूर-धाराशिवकडची वेळा अमावस्या शोधायची तर 'येळवस', 'वेळ अमावस्या', 'वेळा अमावस्या' ही तिन्ही रूपं टाकून बघा. प्रत्येकाला वेगळे व्हिडिओ निघतात, कारण लोकांनी शीर्षकं आपापल्या तोंडच्या भाषेत दिलेली असतात. गावांच्या नावांचंही तसंच. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं अधिकृत झाली २०२३ साली, त्याआधीचे बहुतेक व्हिडिओ औरंगाबाद आणि उस्मानाबाद या नावांखाली पडलेले आहेत. वेरूळ, नळदुर्ग, परांडा यांच्याबद्दल शोधताना जुनं-नवं दोन्ही टाका.

टाइप करायला जड जात असेल तर माइकचं चिन्ह दाबून बोला. फोनची भाषा इंग्रजी असेल तर माइकला मराठी नीट कळत नाही, आधी सेटिंग्जमध्ये बोलण्याची भाषा मराठी करा.

निकाल आले की फिल्टर उघडून तारखेची चाळणी लावा. बाजारभाव, सरकारी योजना, परीक्षा यांना नव्यातलं नवं हवं. भाकरी, पखवाज, किल्ले यांना तारखेचं बंधन नाही, उलट जुन्यात चांगला माल असतो.

तीन व्हिडिओंची परीक्षा

चॅनेल बरं वाटलं तर लगेच सबस्क्राइब करू नका. चॅनेलच्या पानावर व्हिडिओंच्या यादीला नवे, लोकप्रिय आणि जुने असा क्रम लावता येतो. त्याचा उपयोग करून तीन व्हिडिओ बघा.

सगळ्यात नवा बघा, म्हणजे चॅनेल आता काय करतंय ते कळतं. पुष्कळ चॅनेलं सुरुवातीला कसदार असतात आणि नंतर रोज एक व्हिडिओ टाकायच्या नादात पातळ होतात. सगळ्यात लोकप्रिय बघा, म्हणजे लोक तिथं कशासाठी येतात ते कळतं. शेतीच्या चॅनेलवर सगळ्यात गाजलेला व्हिडिओ जर भांडणाचा असेल तर काय ते समजा. तिसरा वर्ष-दीड वर्षापूर्वीचा घ्या, ज्यात काहीतरी ठोस सांगितलेलं आहे, आणि ते खरं ठरलं का ते तपासा. हवामान, बाजार आणि शेअर यांची चॅनेलं या तिसऱ्या परीक्षेत धडाधड पडतात.

प्रतिक्रिया वाचताना क्रम 'नवे आधी' असा करा. वर दिसणाऱ्या गाजलेल्या प्रतिक्रिया बहुतेक कौतुकाच्या असतात; खालच्या नव्या प्रतिक्रियांत "दादा, मी असं केलं, पण जमलं नाही" असं लिहिणारे भेटतात. त्यांना उत्तर मिळालंय का बघा. चूक झाल्यावर वर पिन करून दुरुस्ती टाकणारा माणूस भरवशाचा समजावा. व्हिडिओ सुरू होताना कोपऱ्यात सशुल्क जाहिरातीची पाटी काही सेकंद येते, तिच्यावर नजर ठेवा. जाहिरात असणं गुन्हा नाही, पण मग त्या खताची तारीफ त्याच हिशोबाने ऐकायची.

नावापुढच्या बरोबरच्या खुणेवर जाऊ नका. ते चॅनेल त्याच माणसाचं किंवा संस्थेचं आहे एवढंच तिचं म्हणणं. आत सांगितलेलं बरोबर आहे असं ती सांगत नाही.

शेती: इथं जास्त वेळ द्या

करमणुकीचं चॅनेल चुकलं तर वेळ जातो, शेतीचं चुकलं तर हंगाम जातो. आपल्याकडे गडबड होते ती अशी की चांगले दिसणारे बरेच व्हिडिओ बागायती पट्ट्यातले असतात. विहिरीला पाणी, ठिबक, पाटाचा भरवसा. ते सल्ले कोरडवाहू कापूस-तूर-सोयाबीनला तसेच लावले की खर्च त्यांच्याएवढा होतो आणि उतारा आपल्याएवढाच राहतो. म्हणून व्हिडिओत पहिल्या दोन-तीन मिनिटांत जमीन कोणती, पाणी किती आणि वाण कोणतं हे तिन्ही सांगितलं नसेल तर तो तिथंच सोडा.

वाणाच्या नावावरून व्हिडिओ आपल्या भागाचा आहे का हे लवकर कळतं. तुरीत बीडीएन ७११, बीडीएन ७१६ ऐकू आलं तर ते जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचं वाण आहे. सोयाबीनमध्ये एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ हे परभणीचे. कापसात एनएचएच ४४ नांदेडचं. 'एमएयू' ही अक्षरं जुन्या मराठवाडा कृषी विद्यापीठाची. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे.

सुरुवात याच विद्यापीठाच्या, म्हणजे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या चॅनेलपासून करा. दिसायला ते रूक्ष आहे, आवाज कधी घुमतो, कार्यक्रमांच्या सत्कारसमारंभाचे व्हिडिओही त्यात मिसळलेले असतात. पण शास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात ते लांब संवाद सोन्यासारखे आहेत. ते सुरुवातीपासून बघायचे नाहीत. स्वागत-प्रास्ताविक ओलांडून प्रश्नोत्तरांवर जायचं.

पाणी फाउंडेशनचं चॅनेल दुसरं. त्यांची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपला बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई. समतल चर, कंपार्टमेंट बंडिंग, माथा ते पायथा ही पाणी अडवायची कामं इतकी उकलून मराठीत क्वचितच कुणी दाखवली आहेत. त्यांचे यशोगाथांचे व्हिडिओ डोळ्यांत पाणी आणतात, ते नंतर बघा. आधी प्रशिक्षणाचे बघा, ज्यात माणूस हातात दोरी आणि नळी घेऊन उतार मोजतो.

रोजच्या घडामोडींसाठी अॅग्रोवन. निवांत बघायला डीडी सह्याद्रीवरचे शेतीचे कार्यक्रम. ते जरा संथ आहेत, १.२५ वेगाने लावले तर ठीक.

आता एक साधा विषय जवळून बघू: सोयाबीनची उगवण चाचणी. यावर ढीगभर व्हिडिओ आहेत आणि चांगला-वाईट ओळखायला हा विषय झकास, कारण खरं-खोटं घरच्या घरी कळतं. चांगल्या व्हिडिओत पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बियाणं काढतात आणि त्यातले १०० दाणे जसे येतील तसे घेतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडतात, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून सैल गुंडाळी करतात, सावलीत ठेवतात, रोज पाणी शिंपडतात. पाच ते सात दिवसांनी नुसते फुगलेले किंवा अर्धवट फुटलेले दाणे वगळून, मूळ आणि कोंब नीट आलेले तेवढेच मोजतात. ७० किंवा जास्त आले तर नेहमीची मात्रा, हेक्टरी ६५ ते ७५ किलो, म्हणजे एकरी २६ ते ३० किलो. कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर ते पोतं बाजूला ठेवायचं.

वाईट व्हिडिओत काय होतं? माणूस टपोरे दाणे निवडून घेतो, त्यामुळे ९५ उगवतात आणि शेतात ६०च. किंवा गुंडाळी करकचून बांधतो आणि पाणी निथळू देत नाही, मग दाणे कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. किंवा सगळं नीट करतो, पण ७०च्या खाली आलं तर पुढं काय, यावर गप्प. असा व्हिडिओ सुचवायचा तर ती रिकामी जागा आपण भरून द्यायची.

फवारणीच्या व्हिडिओंना आकडेमोडीची परीक्षा लावा. समजा सांगितलंय, १० लिटर पाण्याला ३ मिली. मग १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर तेरा-साडेतेरा पंप आणि ६० मिली औषध. जो सांगणारा 'पंपाला एक झाकण' म्हणतो, तो पंप किती लिटरचा आणि झाकण किती मिलीचं हे सांगत नाही. त्याचं ऐकून पिकाला चटका बसतो नाहीतर अळी मरत नाही. हाताचा पंप आहे की पेट्रोलचा, हेही सांगायला हवं, कारण पेट्रोल पंपाला पाणी कमी लागतं आणि द्रावण दाट करावं लागतं. व्हिडिओतलं औषध आपल्या पिकासाठी आहे का हे डब्यातल्या माहितीपत्रकावर बघा, त्यालाच लेबल क्लेम म्हणतात. शंका असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.

'एकरी पंचवीस क्विंटल सोयाबीन' असं शीर्षक दिसलं आणि पडद्यावर कुणा टॉनिकवाल्याचा नंबर पळत असेल तर तीन ठिपके, चॅनेल सुचवू नका. कोरडवाहूत एकरी आठ-दहा पडले तरी गावात नाव होतं.

हवामानाचं थोडक्यात. भारतीय हवामान विभागाचा अंदाज जिल्हानिहाय येतो आणि हिरवा, पिवळा, नारंगी, लाल अशा रंगांत येतो. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. वीस दिवस आधी तारीख-वेळेसकट पाऊस सांगणारी चॅनेलं लोकप्रिय आहेत, आणि लोक त्यांच्या भरवशावर धूळपेरणीही, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करतात. करमणूक म्हणून बघा. पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच.

आणि तारीख बघितल्याशिवाय योजनांचा व्हिडिओ कुणाला पाठवू नका. 'एक रुपयात पीकविमा' २०२३च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५च्या खरिपापासून बंद झाला. त्याचे जुने व्हिडिओ अजून फिरताहेत आणि लोक रुपया घेऊन सेवा केंद्रावर जाताहेत.

स्वयंपाक

इथं निवड भरपूर आहे आणि धोका कमी. अगदी नव्याने शिकणाऱ्याला मधुराज् रेसिपी सुचवा: वाटी-चमच्याचं माप, शांत बोलणं, टप्पा सुटत नाही. चूल, पाटा-वरवंटा आणि गावाकडचा हात बघायचा तर गावरान एक खरी चव. आपली आजी हे सुमन धामणे यांचं चॅनेल नगर तालुक्यातल्या सारोळा कासारचं आहे, त्यामुळे बीडच्या चवीला ते पुण्या-मुंबईपेक्षा जवळचं. त्यांच्या मापात अंदाज जास्त असतो. ज्याला स्वयंपाकाची थोडी सवय आहे त्यालाच ते सुचवावं. नुकतंच लग्न होऊन परगावी गेलेल्या पोराला किंवा पोरीला नको.

मराठवाड्याचं म्हणून खास, म्हणजे येसर, धपाटे, सुशीला, येळवसची भज्जी आणि आंबील, हे मोठ्या चॅनेलांवर तुटपुंजं मिळतं. ते लहान चॅनेलांवर शोधा. तिथं कॅमेरा हलतो, मागं कोंबडा आरवतो, पण हात पक्का असतो.

भाकरीवरून पारख करा. ज्वारीची भाकरी शिकवणाऱ्या व्हिडिओत या गोष्टी आल्या का बघा. पीठ किती दिवसांचं आहे, कारण जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच तुटते. तसं झालं तर उकळत्या पाण्याने उकड काढायची. पाणी एकदम ओतायचं नाही, लागेल तसं, आणि पीठ तळव्याच्या टाचेनं रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात, आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की वरचा पापुद्रा तडकतो, तडकला की वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. बहुतेक व्हिडिओ फुगलेली भाकरी दाखवतात. 'का फुगली नाही' हे दाखवणारा सापडला तर तोच जपून ठेवा.

अभ्यास

लातूरमुळे 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी आपल्याकडे घरोघरी आहे, आणि जुन्या व्हिडिओंचा फटकाही इथंच बसतो. २०२१ ते २०२४ या काळात नीटला २०० प्रश्नांतून १८० सोडवायची मुभा होती, आणि २०२२ ते २०२४ मध्ये २०० मिनिटं होती. २०२५ पासून १८०च प्रश्न, सगळे सोडवायचे, १८० मिनिटं. वेळेचं नियोजन शिकवणारा २०२३चा व्हिडिओ आता उलटा सल्ला देतो. राज्यसेवेचंही तसंच: मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा त्याआधीची 'मुख्य परीक्षेसाठी पर्याय कसे कापावे' ही व्याख्यानं बाजूला ठेवा. विषय शिकवणारे व्हिडिओ मात्र शिळे होत नाहीत. परीक्षेची चलाखी सांगणारे होतात.

शाळेच्या गणिताला खान अकॅडमी मराठी. इंजिनिअरिंगवाल्यांना एनपीटीईएल, ते आयआयटी आणि आयआयएस्सीचं काम आहे, इंग्रजीत आहे, पण पाया पक्का करतं. इंग्रजी ऐकायची सवय लावायला बीबीसी लर्निंग इंग्लिश, वेग ०.७५ करून. काही इंग्रजी व्हिडिओ आपोआप हिंदीत बोलू लागतात. चाकाच्या चिन्हात ऑडिओ ट्रॅक बदलला की मूळ आवाज येतो.

बघण्याची रीत एकदा सांगून ठेवा: पंधरा मिनिटं व्हिडिओ, मग फोन पालथा, मग वहीत तेच गणित. नुसतं बघून 'समजलं' वाटतं ते दुसऱ्या दिवशी उरत नाही.

लेकरांसाठी

यूट्यूब किड्स हे वेगळं अॅप घ्या. त्यात पालकांच्या सेटिंगमध्ये 'मान्य केलेलंच दाखवा' असा पर्याय आहे: आपण निवडलेली चॅनेलं आणि व्हिडिओ तेवढेच दिसतात, शोधही बंद होतो. लोक अॅप घेतात आणि हा पर्याय लावत नाहीत. टायमरही तिथंच आहे. वेळ संपली की अॅप स्वतःच बंद होतं, आईला ओरडावं लागत नाही.

मोठ्या लेकरांना अरविंद गुप्ता यांचे व्हिडिओ. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचे, स्ट्रॉची पिपाणी, बाटलीचा पंप. मराठीतही आहेत, बहुतेक एक-दोन मिनिटांचे, आणि सामान गावातल्या सायकलच्या दुकानात मिळतं. व्हिडिओ लावण्याआधी सामान समोर मांडून ठेवा, नाहीतर लेकरू नुसतं एकामागून एक बघतच बसतं.

बातम्या, गप्पा, हसणं

हे प्रत्येकाच्या आवडीचं, म्हणून झटपट. गुंतागुंतीची बातमी सोपी करून हवी असेल तर बीबीसी न्यूज मराठीची 'सोपी गोष्ट'. गल्लीतल्या भाषेत राजकारण-इतिहास ऐकायचा तर बोल भिडू. लांब मुलाखतींना थिंक बँक, पण पाहुणा कोण ते बघून. हसायला भाडिपा, शहरी विनोद आहे, आबांना लागू पडेलच असं नाही. जुनं संगीत हवं असेल तर प्रसार भारतीचं अर्काइव्ह्जचं चॅनेल. शेअरच्या टिप्स आणि 'हा रस प्या, साखरेची गोळी सोडा' अशा चॅनेलांना यादीत जागा नको. 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' ही तर सरळ फसवणूक आहे. त्यात पैसे गेले तर लगेच १९३०वर फोन करायचा.

यादी बांधायची आणि पाठवायची

व्हिडिओखालच्या 'सेव्ह'वर बोट दाबून धरलं की प्लेलिस्ट करता येते. प्लेलिस्टला विषयाचं नाही, माणसाचं नाव द्या: 'अप्पा – सोयाबीन', 'मावशी – उपवास'. एका यादीत पाच ते सात व्हिडिओ, जास्त नकोत. करताना खासगी, अनलिस्टेड की सार्वजनिक हे ठरवावं लागतं. नवशिके ती खासगीच ठेवून लिंक पाठवतात, समोरच्याला काहीच उघडत नाही आणि दोघंही रेंजला दोष देतात. अनलिस्टेड ठेवा: ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसते, बाकी जगाला नाही.

व्हॉट्सअॅपवर लिंक एकटी पाठवू नका. असं लिहा:

"अप्पा, सोयाबीनच्या उगवण चाचणीचा व्हिडिओ पाठवलाय. सहा मिनिटांचा आहे. पहिली ओळखपाळख सोडा, १:४० पासून बघा. गोणपाट गुंडाळायची पद्धत चांगली दाखवलीय. एकरी बियाणं किती ते त्यानं सांगितलं नाही. सत्तर दाणे उगवले तर २६ ते ३० किलो धरा."

खाली चॅनेलचं नाव आणि व्हिडिओचं शीर्षक मराठीत लिहून ठेवा. व्हिडिओ कधी काढून टाकला जातो, कधी लिंक अर्धवट कॉपी होते. नाव असलं की शोधता येतो. कॉम्प्युटरवरून पाठवत असाल तर शेअरच्या खिडकीत 'इथून सुरू करा' अशी चौकट आहे, तिच्यावर खूण केली की व्हिडिओ थेट त्याच सेकंदाला उघडतो.

व्हिडिओ डाउनलोड करून त्याची क्लिप फॉरवर्ड करणं टाळा. त्यात तारीख जाते, चॅनेल जातं, खालची दुरुस्तीही जाते; पीकविम्याचे जुने व्हिडिओ असेच फिरतात. व्हॉट्सअॅपच्या छोट्या चौकटीत बघणाऱ्याला सबस्क्राइबही करता येत नाही, म्हणून 'यूट्यूबमध्ये उघडा' असं सांगायला विसरू नका. गावाच्या ग्रुपवर एका दिवशी एकच. तीन टाकले की एकही बघितला जात नाही, आणि सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांत तेही वाहून जातात.

सबस्क्राइब केल्यावर शेजारी घंटी येते. तिला तीन पर्याय असतात: सगळं, निवडक आणि काहीच नाही. सगळ्या चॅनेलांना 'सगळं' लावलं की दिवसभर फोन वाजतो आणि माणूस वैतागून नोटिफिकेशनच बंद करतो. बहुतेकांना 'काहीच नाही' ठेवा. मृगापासून सोयाबीनचं खळं होईपर्यंत परभणीच्या विद्यापीठाची घंटी तेवढी पूर्ण वाजू द्या, आणि रास घरात आली की तीही उतरवा.